गोळी एक, औषधे तीन: मधुमेहाची संयुक्त गोळी आईला सुरक्षितपणे कशी द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ७२, अंगाने बारीक, मधुमेह जुना. त्या सकाळ-संध्याकाळ एक संयुक्त गोळी घेतात आणि तिच्यात ग्लिमेपिराइड २ मि.ग्रॅ., मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. एसआर (हळूहळू सुटणारे) आणि व्होग्लिबोज ०.२ मि.ग्रॅ. अशी तीन औषधे आहेत. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत त्या काही खात नाहीत, पण सकाळची गोळी मात्र नेमाने घेतात. मागच्या संकष्टीला संध्याकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले, बोलणे तुटक झाले आणि ग्लुकोमीटरवर साखर ५८ आली. तुम्ही दोन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजलीत, तरी वीस मिनिटांनी आकडा जेमतेम ६१ होता. ताज्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, ६.६ टक्के आणि मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी मोजतात ते क्रिएटिनिन १.३ आहे. गोळी जेवणाआधी द्यावी की नंतर, उपवासाला काय करावे, शेजारच्यांनी सुचवल्याप्रमाणे अर्धी करून द्यावी का, या गोळीने मूत्रपिंड खराब होते का आणि शौचात गोळीसारखे पांढरे टरफल का दिसते, हे तुम्ही विचारले आहे.

या सगळ्या प्रश्नांचे मूळ एकच आहे. घरात आपण 'शुगरची गोळी' म्हणतो आणि तिला एकच औषध मानतो. प्रत्यक्षात त्या एका गोळीत तीन वेगळ्या स्वभावाची औषधे आहेत आणि प्रत्येकाची घेण्याची अट वेगळी आहे. यातले एखादे औषध आज नको असेल, तर गोळीतून तेवढेच काढून ठेवता येत नाही. संयुक्त गोळीची सोय मोठी आहे, विसरण्याची शक्यता कमी होते, खर्चही बहुधा कमी होतो, आणि मी स्वतः ती अनेकांना लिहून देतो. पण आत काय आहे हे घरातल्या किमान एका माणसाला नावानिशी माहीत असल्याशिवाय ती सुरक्षितपणे घेता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. रुग्ण जेवला आहे की नाही, याची वाट ते पाहत नाही. पोटात अन्न नसले तरी ते आपले काम करते आणि म्हणूनच साखर घसरते. मेटफॉर्मिनचे काम मुख्यतः यकृतात चालते. यकृत रात्रंदिवस रक्तात जी साखर सोडत असते, ती ते कमी करते. एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायकरीत्या खाली जाणे विरळाच. व्होग्लिबोज आतड्यात काम करते. पिष्टमय पदार्थ आणि आपली नेहमीची साखर फोडून त्यांचे ग्लुकोज करणाऱ्या विकरांना ते अडवते, त्यामुळे जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. म्हणजे पहिल्या औषधाला अन्नाची साथ हवी, दुसऱ्याला धडधाकट मूत्रपिंडाची, आणि तिसरे जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर पोटात नसेल तर त्याचा उपयोगच नाही.

यावरून वेळेचे उत्तर मिळते. व्होग्लिबोज जेवायच्या अगदी आधी, ग्लिमेपिराइड जेवणाच्या किंचित आधी किंवा जेवणाबरोबर आणि मेटफॉर्मिन जेवणासोबत, असे तिघांचे नियम आहेत. ते एकत्र बसवायचे तर गोळी ताट समोर आल्यावर, पहिला घास घेताना घ्यावी. 'अर्धा तास आधी' हा सल्ला अनेक घरांत जुन्या गोळ्यांच्या काळापासून चालत आला आहे. ग्लिमेपिराइडला त्याची गरज नाही आणि वयस्कर माणसासाठी तो धोक्याचाही आहे, कारण त्या अर्ध्या तासात दारात पाहुणे येतात, गॅस संपतो, फोन लांबतो आणि जेवण तासभर पुढे जाते. 'आधी पोळी दिसू दे, मग गोळी' असे मी रुग्णांना सांगतो. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. राहिली ती राहिली. रात्री झोपताना आठवण झाली म्हणून रिकाम्या पोटी ती घेणे तर टाळावेच, कारण झोपेत घसरलेली साखर कोणाच्या लक्षात येत नाही.

आता त्या संध्याकाळी जे घडले त्याविषयी. ५८ ही साखर कमीच आहे. ७० च्या खाली गेली की उपाय सुरू करायचा असतो आणि ५४ च्या खाली ती गंभीर समजली जाते. तुम्ही प्रसंगावधान राखून लगेच साखर दिलीत, तरीही आकडा का हलला नाही, याचे कारण व्होग्लिबोजमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. घरातली साखर म्हणजे सुक्रोज. ती फुटून ग्लुकोज झाल्याशिवाय रक्तात जात नाही, आणि ती फोडणाऱ्या विकरालाच या औषधाने अडवलेले असते. गूळ, पेढा, बिस्कीट, साखर घातलेला चहा या सगळ्यांना हीच अडचण लागू होते. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा त्याच गटातले अकार्बोज आहे, त्यांच्या घरी तयार ग्लुकोज असलेच पाहिजे. मेडिकलमध्ये मिळणारी साधी, कोणताही स्वाद न घातलेली ग्लुकोज पावडर घ्यावी. स्वादाच्या पाकिटांत बरेचदा नेहमीची साखर मिसळलेली असते. पावडरचे साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन ते चार चमचे, थोड्या पाण्यात द्यावेत, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि ती ७० च्या वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. ग्लुकोज हाताशी नसेल तर मध चालतो, कारण त्यात मोकळे ग्लुकोज असतेच. पावडरचा एक डबा स्वयंपाकघरात, एक आईंच्या उशाशी आणि छोटी पुडी त्यांच्या पिशवीत ठेवावी. घरातल्या मुलांनाही ती कोठे आहे हे दाखवून ठेवावे.

आकडा वर आला म्हणजे प्रसंग संपला असे मात्र समजू नये. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकतो, वय जास्त आणि मूत्रपिंड थकलेले असेल तर त्याहूनही अधिक, त्यामुळे एकदा सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. अशा दिवशी सावरल्यावर लगेच व्यवस्थित जेवण द्यावे, उपवास तेथेच सोडावा, त्या संध्याकाळची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि रात्री उठून किमान एक-दोनदा साखर तपासावी. पुन्हा ७० च्या खाली गेली तर रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर झोपवून १०८ ला फोन करावा आणि सोबत गोळीचे पाकीट न्यावे. आईंना रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा गटातली गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर जाणवणार नाही, घाम तेवढा येईल, हेही लक्षात ठेवावे. वयस्कर माणसात कधी घामही न येता नुसती चिडचिड, गोंधळ किंवा गुंगी दिसते आणि घरच्यांना तो वयाचा परिणाम वाटतो.

उपवासाविषयी स्पष्ट लिहितो. श्रद्धा सोडा असे मी म्हणणार नाही. तशी आवश्यकताही नसते. पण ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर उपाशी राहणे, हा प्रकार या गोळीच्या बाबतीत सर्वांत धोक्याचा आहे. संकष्टी, निर्जळ हरतालिका, नवरात्रातले कडक उपवास यांच्या आधीच डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाची सोय ठरवून घ्यावी. बहुतेक वेळा आम्ही सकाळची संयुक्त गोळी वगळून जे जेवण प्रत्यक्षात होणार आहे त्याच्याबरोबर औषध देतो, तेही गरजेप्रमाणे कमी ताकदीचे. रोजे ठेवणाऱ्या रुग्णांतही याच तत्त्वाने मुख्य मात्रा इफ्तारच्या जेवणासोबत दिली जाते आणि सहरीची कमी केली जाते. एकादशीची गोष्ट निराळी आहे, कारण त्या दिवशी फराळ असतो. साबुदाण्याची खिचडी हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. साखर झपाट्याने वाढते, आणि मग 'आज शुगर वाढली' म्हणून काही जण संध्याकाळी गोळी वाढवतात, ते मुळीच करू नये. भगर आणि दाण्याची आमटी, रताळ्याचा छोटा तुकडा, ताक, शेंगदाणे असा फराळ थोडाथोडा, ठरल्या वेळी घेतला तर साखर तेवढी उसळत नाही. आषाढीला वारीत चालणाऱ्यांनी तर दिवसभराची चाल आणि फराळ या दोन्हींचा विचार करून निघण्यापूर्वी मात्रा ठरवून घ्यावी.

गोळी अर्धी करण्याचा सल्ला मोडीत काढा. एसआर म्हणजे औषध हळूहळू, कित्येक तास सुटावे अशी गोळीची बांधणी असते. ती तोडली, चावली किंवा कुटून पाण्यात दिली की मेटफॉर्मिनचा सगळा साठा एकदम सुटतो आणि मळमळ, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. शिवाय तोडलेल्या तुकड्यात तिन्ही औषधे निम्मी येतीलच याचाही भरवसा नसतो. आईंना गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. साधी, एसआर नसलेली वेगळी गोळी मिळते. शौचात दिसणारे पांढरे टरफल याच बांधणीचा भाग आहे. औषध आत उतरून गेल्यावर काही गोळ्यांचा पोकळ सांगाडा बाहेर पडतो, त्यावरून 'गोळी लागली नाही' असा निष्कर्ष काढून दुसरी देऊ नये.

मूत्रपिंडाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याविषयीचा गैरसमज खोलवर रुजला आहे. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही. मूत्रपिंड बिघडवतो तो वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब आणि वाढलेली साखर. परंतु मेटफॉर्मिन शरीरात न बदलता लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड थकले की ते रक्तात साठू लागते आणि फार साठल्यास लॅक्टिक अॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणे) हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. धोका गोळीने मूत्रपिंडाला नसून थकलेल्या मूत्रपिंडामुळे गोळीपासून आहे, हा फरक कळला नाही की दोन्हीकडून नुकसान होते: चांगली मूत्रपिंडे असलेले लोक भीतीने औषध सोडतात आणि ज्यांनी कमी करायला हवे ते बिनघोर चालू ठेवतात.

तुम्ही लिहिलेला क्रिएटिनिनचा १.३ हा आकडा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. प्रयोगशाळेच्या अहवालात तो जेमतेम मर्यादेबाहेर दिसतो आणि 'थोडासाच वाढलाय' म्हणून सोडून दिला जातो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. बारीक चणीच्या वृद्ध स्त्रीमध्ये स्नायूच कमी असल्याने ते कमी बनते आणि मूत्रपिंड बरेच थकले तरी आकडा शांत दिसतो. म्हणून ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, काढावा लागतो. आज वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राने १.३ क्रिएटिनिन असलेल्या ४५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ६९ च्या आसपास येतो. तेवढ्याच क्रिएटिनिनवर ७२ वर्षांच्या स्त्रीचा तो सुमारे ४४ येतो. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत. ३० ते ४५ च्या दरम्यान ते नव्याने सुरू करणे टाळतात, आधीपासून चालू असेल तर मात्रा कमी करून बहुधा दिवसाला १००० मि.ग्रॅ. च्या आत ठेवतात आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करतात. आईंना दिवसाला बरोबर १००० मि.ग्रॅ. जात आहे, म्हणजे त्या मर्यादेच्या काठावर आहेत. ग्लिमेपिराइडचा शरीरात तयार होणारा एक क्रियाशील अंशही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतो, तेव्हा त्या संध्याकाळच्या घसरणीत उपवासाइतकाच मूत्रपिंडाचाही वाटा असावा असे मला वाटते. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आई स्वतःच्या मनाने घेत असतील तर त्या आधी थांबवा. अशा मूत्रपिंडाला त्यांचा फटका बसतो.

उलट्या, जुलाब, तीव्र ताप, अन्नपाणी न जाणे अशा दिवसांत शरीर कोरडे पडते, मूत्रपिंडाची गाळणी एकाएकी मंदावते आणि पोटात अन्नही नसते, म्हणजे या गोळीतली दोन्ही मुख्य औषधे एकाच वेळी धोक्याची होतात. अशा वेळी काय करायचे हे डॉक्टरांकडून आजारी पडण्यापूर्वीच लिहून घ्यावे; सर्वसाधारणपणे खाणे-पिणे पूर्ववत होईपर्यंत ही गोळी थांबवतात आणि साखर दिवसातून अनेकदा तपासतात. मात्र एखादा रुग्ण इन्सुलिनवर असेल तर इन्सुलिन आपल्या मनाने थांबवायचे नसते. श्वास जोरात आणि खोल चालणे, विलक्षण थकवा, पोटात दुखून उलट्या, गुंगी अशी लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. शिरेतून रंगद्रव्य देऊन करायचा सीटी स्कॅन, अँजिओग्राफी किंवा भूल देऊन होणारी शस्त्रक्रिया ठरली, तर मेटफॉर्मिन चालू असल्याचे आपणहून सांगावे. आईंच्या ईजीएफआरवर ते तपासणीच्या वेळी थांबवून ४८ तासांनी मूत्रपिंडाची तपासणी केल्यावरच पुन्हा सुरू करतात. रक्ताच्या उपाशीपोटीच्या तपासणीच्या दिवशी घरून गोळी घेऊन निघू नये. रक्त दिल्यावर न्याहारीबरोबर घ्यावी.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पाकीट दाखवणे का गरजेचे, हे दोन उदाहरणांवरून कळेल. गजकर्णासाठी सर्रास दिली जाणारी फ्लुकोनाझोल ग्लिमेपिराइडचा निचरा मंदावते आणि साखर घसरते. क्षयरोगावरची रिफॅम्पिसिन उलट परिणाम करते. ती ग्लिमेपिराइड लवकर संपवते आणि साखर वाढते. स्टेरॉइडनेही साखर वाढते, आणि सांधेदुखीच्या काही बिननावाच्या पुड्यांत ते असते. 'शुगर मुळापासून बरी करणाऱ्या' चूर्णांपासून तर दूर राहावे, कारण अशा काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची औषधे गुपचूप मिसळलेली आढळली आहेत. आईंच्या गोळीवर त्याची भर पडली तर साखर कोठवर जाईल याचा अंदाज कोणालाच येणार नाही.

पाकिटाविषयी आणखी एक बारीक गोष्ट. या गोळ्यांची नावे सारखी असतात आणि फरक शेपटात असतो: १, २, फोर्ट, एम, एमव्ही, पीजी. 'फोर्ट' म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन दुप्पट. 'व्ही' म्हणजे व्होग्लिबोज. 'पी' म्हणजे पायोग्लिटाझोन, जे पायावर सूज आणते आणि हृदय कमकुवत असलेल्यांना चालत नाही. दुकानात पाच गोळ्या कापून घेतल्या की नेमके हे शेपूट किंवा मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. पूर्ण पाकीट घ्यावे आणि मागच्या बाजूला लिहिलेले घटक व त्यांचे मि.ग्रॅ. जुन्या पाकिटाशी ताडून पाहावेत. जनऔषधी केंद्रातून घेतले तरी हाच नियम. नाव बदलले तरी घटक आणि आकडे तेच हवेत. वेगळी मेटफॉर्मिनची गोळीही घरात चालू नाही ना, हे एकदा पाहून घ्या.

मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत ब १२ जीवनसत्त्व कमी होते. आई शाकाहारी असतील तर शक्यता अधिक. तळपायांच्या मुंग्या मधुमेहाच्याच म्हणून सोडून न देता ते तपासावे.

आता एचबीए१सी विषयी, कारण ६.६ पाहून घरात सर्वांना समाधान वाटले असे तुम्ही लिहिले आहे. मला त्या आकड्याने काळजी वाटली. ७२ वर्षांच्या, मूत्रपिंड थकलेल्या आणि साखर घसरण्याचा अनुभव आलेल्या रुग्णात आम्ही ७.५ ते ८ टक्क्यांपर्यंत समाधान मानतो. ग्लिमेपिराइड घेत असताना ६.६ येणे म्हणजे औषध गरजेपेक्षा जास्त होत असल्याची खूण असू शकते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅरोलिना या मोठ्या चाचणीत ग्लिमेपिराइड आणि लिनाग्लिप्टिन हे मधुमेहाचे दुसऱ्या गटातले औषध यांची तुलना सहा हजारांहून अधिक रुग्णांत झाली. हृदयविकाराच्या बाबतीत दोघांत फरक दिसला नाही, पण साखर घसरण्याचे प्रसंग ग्लिमेपिराइड घेणाऱ्या ३७.७ टक्के जणांना आले आणि लिनाग्लिप्टिन घेणाऱ्या १०.६ टक्के जणांना. लिनाग्लिप्टिनच्याच गटातली विल्डाग्लिप्टिन आणि सिटाग्लिप्टिन ही औषधे अनुक्रमे २०१९ आणि २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर आपल्याकडे खूप स्वस्त झाली आहेत, त्यामुळे पूर्वी खर्चापायी जो बदल करता येत नव्हता तो आता बहुतेकांना परवडतो. मूत्रपिंडाप्रमाणे त्यांचीही मात्रा ठरवावी लागते, म्हणून हा बदल मी येथून सांगू शकत नाही. आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांनीच तो करायचा आहे.

त्यासाठी पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा. जाताना पूर्ण पाकीट, त्या संध्याकाळचे आकडे वेळेसह आणि दोन-तीन दिवस उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पहाटे तीनच्या सुमारास तपासलेल्या साखरेची नोंद न्या. तीन गोष्टी नेमक्या विचारा: संध्याकाळचे ग्लिमेपिराइड बंद करता येईल का, हे ईजीएफआर पाहता मेटफॉर्मिन किती ठेवायचे, आणि पुढच्या संकष्टीला कोणती गोळी केव्हा द्यायची. उत्तरे चिठ्ठीवरच लिहून मागा. तोवर आईंना पूर्ण दिवसाचा उपवास करू देऊ नका, आणि ग्लुकोजचा डबा आजच आणून ठेवा.